आधी कोणाला सांगायचे?

2017च्या पावसाळ्यात महाराष्ट्रातल्या आईबापांना एका देवमाशाने पछाडले होते. जुलैच्या अखेरीस अंधेरीतल्या एका 14 वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि 'ब्लू व्हेल' हे नाव घराघरांत पोहोचले. रशियातून आलेला म्हणे हा एक खेळ. 50 दिवस, 50 कामे आणि शेवटचे काम म्हणजे आत्महत्या. ऑगस्टमध्ये सोलापुरातले घर सोडून पुण्याकडे निघालेल्या एका मुलाला भिगवणला बसमधून उतरवून घेतले, तेव्हाही संशय याच खेळावर. त्याच महिन्यात केंद्र सरकारने गुगल, फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टाग्राम वगैरे कंपन्यांना पत्र धाडून या खेळाच्या लिंका काढून टाकायला सांगितले. आया मुलांचे हात उलटेपालटे करून मनगटावर मासा कोरलेला दिसतोय का ते पाहू लागल्या.

जानेवारी 2018मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री आणि चंद्रपूरचे खासदार हंसराज अहीर यांनी लोकसभेत याचे उत्तर दिले. सरकारने समिती नेमली होती. संशयित प्रकरणांतल्या मुलांचा इंटरनेटवरचा वावर, त्यांची उपकरणे आणि फोनच्या नोंदी तिने तपासल्या. एकाही घटनेत ब्लू व्हेलचा हात सिद्ध झाला नाही. माशाची भीती जेवढी पसरली, तेवढे हे उत्तर पसरले नाही.

तरुण मुलांच्या इंटरनेटवरील सुरक्षिततेविषयीच्या या पुस्तकाच्या दारातच देवमाशाची आठवण काढण्याचे कारण आहे. मोठ्या माणसांची भीती नेहमी काहीतरी अजब, परदेशी, नाव असलेले शोधते. प्रत्यक्षात मुलाच्या फोनवर जे संकट येते ते बहुधा 'हाय' एवढेच म्हणत येते. त्याला रहस्यमय नाव नसते, त्यामुळे त्याची बातमी होत नाही आणि मनगटावर काही उमटत नाही.

त्या 'हाय'ची गोष्ट पोलीस, समुपदेशक आणि महाविद्यालयातले शिक्षक आता जवळपास तोंडपाठ सांगतात. इन्स्टावर एका मुलीची रिक्वेस्ट येते. वय आपल्याएवढेच, फोटो साधा, ओळखीतले तिघेचौघे आधीच तिच्या यादीत. कुठल्या कॉलेजला, कुठली शाखा, असे जुजबी बोलणे होते. रात्री गप्पा रंगतात, ती आधी स्वतःचा फोटो पाठवते आणि मग याच्याकडे तसाच मागते. किंवा व्हिडिओ कॉल येतो, तो मिनिटभर चालतो. पुढच्या क्षणाला भाषा बदलते. याच्याच फोटोचा स्क्रीनशॉट येतो, खाली याच्या फॉलोअरांची यादी, त्यात मावसभाऊ, वर्गमैत्रिणी, शाळेतल्या बाई. पैसे पाठव, नाही तर हे सगळ्यांना जाईल. समोर मुलगी कधी नव्हतीच. फोटो कुणा तिसऱ्याच मुलीचे, खाते चोरलेले, आणि टाइप करणारा या कामावर बसलेला माणूस, तो एकाच वेळी दहा जणांशी बोलत असतो.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात मार्च 2022मध्ये 17 वर्षांच्या एका शाळकरी खेळाडूबरोबर हेच घडले. पहिल्या संदेशापासून त्याच्या मृत्यूपर्यंत सहा तासही गेले नाहीत आणि हे सगळे त्याच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या खोलीत झाले. त्याने काही पैसे पाठवले होते, मागणी थांबली नाही. तपास नायजेरियातल्या लागोसपर्यंत गेला. दोघे भाऊ सापडले, त्यांना अमेरिकेत आणले गेले आणि सप्टेंबर 2024मध्ये प्रत्येकी साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी दहा वर्षे कॅनडातल्या अमांडा टॉड या मुलीने आपल्यावर गुदरलेला प्रसंग कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहून कॅमेऱ्यासमोर एकेक करून धरला होता. सप्टेंबर 2012मधला तो व्हिडिओ; ऑक्टोबरमध्ये पंधराव्या वर्षी तिने जीवन संपवले. तिला छळणारा माणूस नेदरलँड्समध्ये बसलेला होता. त्याला कॅनडात आणून दोषी ठरवायला 2022चा ऑगस्ट उजाडला. न्यायाला दहा वर्षे लागली. खंडणीखोराला एक रात्र पुरते.

त्या रात्री मुलगा कुणाला उठवत का नाही? खोली ओलांडली की आई आहे. पण फोटो त्याने स्वतःच्या हाताने पाठवलेला असतो आणि नेमके हेच खंडणीखोराचे भांडवल. फोटो पसरण्याची धमकी तो देतो खरी, पण त्याची खरी मदार मुलाच्या या खात्रीवर असते की घरी कळले तर आधी थोबाडीत बसेल आणि मग फोन जाईल. ही खात्री खोटी असेल तर धंदा बसतो. बऱ्याच घरांत ती खोटी नसते, हे या विषयातले सर्वांत अवघड सत्य आहे आणि पुढची बरीचशी प्रकरणे कुठून ना कुठून याच्याकडे येतात. पासवर्ड कसा असावा, लिंक कशी ओळखावी, हे सगळे या पुस्तकात आहे आणि ते शिकायलाच हवे. पण पासवर्ड चोख असलेले मूलसुद्धा एखाद्या रात्री फसते. फसल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात त्याला कुणाला तरी सांगता येते की नाही, यावर पुढचे बरेचसे ठरते.

सांगितले तर करता येण्यासारखे बरेच आहे, ही गोष्ट मोठ्यांनाही ठाऊक नसते. पैसे द्यायचे नाहीत, कारण पहिली रक्कम मिळाली की हा देणारा आहे एवढेच समोरच्याला कळते. संवाद पुसायचा नाही. घाबरलेल्या मुलाला पहिल्यांदा सगळे डिलीट करावेसे वाटते आणि तिथेच पुरावा जातो. आधी स्क्रीनशॉट, खात्याचे नाव, पैसे मागितलेला क्रमांक किंवा यूपीआय आयडी जपून ठेवायचा, मग रिपोर्ट, मग ब्लॉक.

फोटो बाहेर पडलाच असेल तर? इथे तंत्रज्ञानाने एक सुबक उत्तर काढले आहे. 18 वर्षांखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' नावाची मोफत सेवा आहे, ती अमेरिकेतल्या हरवलेल्या व शोषित मुलांसाठीच्या राष्ट्रीय केंद्राची. 18च्या वरच्यांसाठी 'स्टॉप एनसीआयआय' आहे, ती 2021मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झाली. दोन्हींची रीत एकच. फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. मुलाच्या स्वतःच्याच फोनवर त्या फोटोवरून अंकाक्षरांची एक लांबलचक ओळ तयार होते, तिला हॅश म्हणतात. ती फक्त त्या फोटोची खूण असते. तिच्यावरून फोटो पुन्हा बनवता येत नाही. सहभागी कंपन्यांना फक्त ती ओळ दिली जाते, आणि तीच खूण असलेला फोटो त्यांच्या मंचावर कुणी चढवला तर तो सापडतो व काढता येतो. म्हणजे ज्या फोटोची लाज वाटते तो आणखी एकाही माणसाला दाखवावा लागत नाही. मर्यादाही आहे: सहभागी नसलेल्या संकेतस्थळांवर आणि खासगी व्हॉट्सॲप संदेशांत ही खूण पोहोचत नाही.

आपल्याकडच्या 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनीही असा फोटो तक्रार येताच, तेव्हाच्या तरतुदीनुसार 24 तासांत, काढण्याचे बंधन समाजमाध्यम कंपन्यांवर घातले. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्ह्यांच्या पोर्टलवर महिला आणि मुलांविषयीच्या तक्रारी नाव न सांगताही नोंदवता येतात. 1098 हा मुलांसाठीचा मदतक्रमांक तर जुनाच आहे. मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या 2012च्या पोक्सो कायद्याने पीडित मुलाचे नाव, शाळा, पत्ता छापायला मनाई केली आहे. सप्टेंबर 2024मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या लैंगिक शोषणाचे चित्रण नुसते जवळ बाळगण्याबद्दलही कडक भूमिका घेतली आणि त्याला 'चाइल्ड पोर्नोग्राफी' म्हणणेच सोडा, असे बजावले. कारण त्या शब्दाने शोषणाला करमणुकीचा वास लागतो. ही बजावणी बातम्या लिहिणाऱ्यांनी मनावर घेतली तर बरे.

याच पोक्सोची एक बाजू मात्र कमी बोलली जाते. असा गुन्हा कळलेल्या कुणाही माणसाने तो पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलाच पाहिजे, असे कायदा सांगतो. हेतू चांगला. पण शाळेतल्या बाईंना विश्वासाने सांगितलेली गोष्ट लगेच ठाण्यापर्यंत जाणार, हे कळल्यावर किती मुली बाईंपर्यंत जातील? कायदा लिहिणाऱ्यांनी शिक्षकांची टाळाटाळ डोळ्यांपुढे ठेवली. मुलीची भीती त्यांच्या हिशेबातून निसटली. शिक्षकांसाठीचे प्रकरण वाचताना हा पेच लक्षात ठेवावा.

पैशांच्या फसवणुकीत वेळेचे गणित आणखी कडक. 1930 या सायबर फसवणुकीसाठीच्या मदतक्रमांकावर फोन लागला की तक्रारीचे तिकीट पैसे गेलेल्या बँकेकडे जाते. पैसे अजून तिथेच असतील तर बँक ते अडकवून ठेवते. पुढच्या बँकेत गेले असतील तर तिकीटही तिकडे सरकते. हा पाठलाग एटीएमपर्यंत चालतो. रोकड हाती आली की मागे पळण्यासारखे उरत नाही. म्हणून चोर पैसा पाचसहा खात्यांतून झरझर फिरवतात.

आणि ही खाती कुणाची असतात, ते इथेच सांगून टाकायला हवे. पुष्कळदा ती विद्यार्थ्यांची असतात. वसतिगृहातला एखादा ओळखीचा विचारतो, तुझे खाते पडूनच आहे ना, महिनाभर दे. एटीएम कार्ड, पासबुक आणि खात्याला जोडलेले सिम एवढे दिले की काही हजार रुपये हातात. खाते देणाऱ्याला वाटते, आपण काही केलेच नाही. पण कुठल्यातरी राज्यातल्या निवृत्त माणसाची लुटलेली पुंजी त्या खात्यातून गेलेली असते आणि पोलिसांना सापडणारे पहिले खरे नाव याच मुलाचे असते. खाते गोठते, शिष्यवृत्ती अडकते, नोटीस गावाकडच्या पत्त्यावर जाते. अशा खात्यांना 'म्यूल' म्हणतात आणि ती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोन्मेष केंद्राने डिसेंबर 2024मध्ये म्यूलहंटर ही प्रणाली पुढे आणली. टेलिग्रामवर 'व्हिडिओ लाइक करा, पैसे कमवा' या कामापासून सुरू होणारी फसवणूक तरुणांना ठाऊक झाली आहे. स्वतःचे खाते भाड्याने देणे हा गुन्ह्यातला भाग आहे, हे मात्र अजून पुरते ठाऊक नाही.

मुले म्हणजे फक्त शिकार, हा समज म्हणूनच पुसायला हवा. 1 जानेवारी 2022ला 'बुल्ली बाई' नावाच्या ॲपवर मुस्लिम महिलांचे फोटो टाकून त्यांचा 'लिलाव' मांडला गेला. मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने तपास केला तेव्हा सापडले कोण? बंगळुरात शिकणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि उत्तराखंडातली जेमतेम अठरा ओलांडलेली मुलगी. नोव्हेंबर 2023मध्ये अभिनेत्री रश्मिका मंदानाचा बनावट व्हिडिओ देशभर फिरला. तो केल्याच्या आरोपावरून पकडलेला तरुण 24 वर्षांचा अभियंता होता, तिच्याच नावाचे फॅन पेज चालवणारा. पोलिसांच्या म्हणण्यानुसार त्याला हवे होते फॉलोअर. स्पेनमधल्या अल्मेंद्रालेहो या गावात तर 2023च्या सप्टेंबरात शाळकरी मुलांनीच ओळखीच्या मुलींचे समाजमाध्यमांवरचे साधे, अंगभर कपड्यांतले फोटो एका ॲपमध्ये घालून नग्न फोटो बनवले. पुढच्या वर्षी बाल न्यायालयाने 15 मुलांना वर्षभर देखरेखीखाली ठेवले.

ही उदाहरणे वाचताना एक गोष्ट खटकते. त्या मुलींनी काहीच 'चूक' केली नव्हती. अनोळखी माणसाशी बोलल्या नव्हत्या, काही पाठवले नव्हते. 'फोटो टाकूच नको' हा आपला ठरलेला उपदेश अशा वेळी निरुपयोगी तर होतोच, वर दोष मुलीकडे सरकवतो. मुलग्यांशी याबद्दल कधी बोलायचे, हा प्रश्न तेवढाच निकडीचा आहे. त्याच्यासाठी पुढे एक सबंध प्रकरण दिले आहे आणि ते टाळून पुढे जाणाऱ्या पालकांना ते शोधून काढून वाचायला लावावे.

बंदीचा विचार सगळ्यांनाच सुचतो. 13 वर्षांची जी अट बहुतेक ॲप घालतात, तिचा उगम गमतीदार आहे. 1998च्या एका अमेरिकी कायद्याने 13 वर्षांखालच्या मुलांची माहिती पालकांच्या परवानगीशिवाय गोळा करायला मनाई केली. कंपन्यांनी परवानगीची कटकट टाळण्यासाठी 13 खालच्यांना दार बंद केले. त्या आकड्याचा संबंध माहितीच्या व्यापाराशी होता. तेराव्या वर्षी मूल काय झेलू शकते, हे कुणी मोजले नव्हते. आणि दार तरी कसले, जन्मवर्ष बदलले की उघडते. ऑस्ट्रेलियाने 10 डिसेंबर 2025पासून 16 खालच्यांची समाजमाध्यम खाती बंद करायला लावली. तिथे दंड मुलाला किंवा पालकाला नाही, कंपनीला, तोही 4 कोटी 95 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. परिणाम काय होतो ते दिसायला वेळ लागेल, पण जबाबदारी कंपनीच्या दारात नेऊन ठेवली, एवढे श्रेय द्यायला हवे. इन्स्टाग्रामने भारतात 2025च्या फेब्रुवारीत किशोरांसाठी वेगळी खाती आणली. ती आपोआप खासगी असतात, अनोळखी माणूस त्यांना संदेश पाठवू शकत नाही आणि 16 खालच्यांना यात बदल करायचा तर पालकाची परवानगी लागते. सोय चांगली आहे. खोटे जन्मवर्ष टाकून आत आलेल्याला मात्र तिचा उपयोग नाही.

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी 2022मध्ये आपापल्या परीने हा प्रश्न हाताळला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांसी ग्रामसभेने 18 वर्षांखालच्यांना मोबाइल वापरायला बंदी केली. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने वेगळी वाट धरली. संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजतो, दीड तास घराघरातले टीव्ही आणि मोबाइल बंद. करोनाकाळात शिकण्यासाठी मुलांच्या हाती आलेला फोन शाळा उघडल्यावरही सुटेना, म्हणून हे सुचले. दोन्हींत वडगावची रीत जास्त शहाणी वाटते. भोंगा सासूच्या मालिकेलाही लागू आहे आणि बापाच्या व्हॉट्सॲपलाही. फोन एकट्या मुलाचा काढून घेतला तर ती शिक्षा होते. सगळ्यांनी बाजूला ठेवला तर त्या दीड तासात अभ्यास होतो, बोलणेही होते, आणि अडकलेली एखादी गोष्ट अशाच वेळी तोंडातून निघण्याचा संभव असतो. बांसीच्या नियमात धोका असा, की बंदी मोडून फोन पाहणारे मूल फसले तर ते आता घरासह सबंध गावापासून लपवील.

मुळात फोन कुणाचा, हाही प्रश्न आहेच. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' संस्थेच्या पुढाकाराने होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाने 2024मध्ये ग्रामीण भारतातल्या 14 ते 16 वर्षांच्या मुलांना याबद्दल विचारले. 82.2 टक्क्यांना स्मार्टफोन चालवता येत होता. आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरलेले 57 टक्के, समाजमाध्यमांसाठी वापरलेले 76 टक्के. हे कुणालाही अपेक्षितच होते. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी 62 टक्क्यांना एखादे खाते ब्लॉक किंवा रिपोर्ट कसे करायचे ते माहीत होते, 55.2 टक्क्यांना स्वतःचे खाते खासगी करता येत होते आणि पासवर्ड बदलता येणारे 57.7 टक्के होते. म्हणजे दर पाचांतल्या दोघांना त्रास देणाऱ्याला थांबवण्याचे बटणच ठाऊक नाही. हे शिकवायला शाळेचा एक तास पुरावा. तरीही यापेक्षा बोलका आकडा निराळा आहे. फोन चालवता येणाऱ्या 14 वर्षांच्यांपैकी स्वतःचा फोन असलेले 27 टक्के, 16 वर्षांच्यांत 37.8. बाकीची मुले आईचा, बापाचा, थोरल्या भावाचा फोन वापरतात. एकाच फोनवर बापाचे बँक खाते, आईचा बचत गटाचा ग्रुप आणि मुलीचे इन्स्टा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेच्या नावाने आलेली एपीके, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी, फाइल मुलीने उघडली तर रिकामे होते ते बापाचे खाते. अशा घरात मुलाची आणि मोठ्यांची सुरक्षितता वेगळी काढताच येत नाही.

2023च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यापुढे नेमकी हीच अडचण उभी राहणार आहे. या कायद्याने 18 वर्षांखालचे सगळेच मूल मानले. त्यांची माहिती वापरण्याआधी पालकाची पडताळलेली संमती हवी आणि मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई. नियम नोव्हेंबर 2025मध्ये निघाले, या तरतुदी अमलात यायला 18 महिन्यांची मुदत आहे. पालकाची ओळख पटवण्याच्या मार्गांत डिजिलॉकरही आहे. दिल्लीत बसून पाहिले तर व्यवस्था पक्की दिसते. पण निमशहरी किंवा खेड्यातल्या घरात डिजिलॉकर उघडून कोण देते? पीक विम्याचा अर्ज, रेशनची ई-केवायसी, लाडक्या बहिणीची कागदपत्रे जिने भरली तीच दहावीतली मुलगी. वडिलांच्या फोनवर आलेला ओटीपी तीच वाचून दाखवते, कित्येकदा विचारतही नाही. संमतीचा निरोप त्याच फोनवर येईल आणि 'मान्य आहे' हे बटण तिच्याच अंगठ्याखाली असेल.